निळा नळ, हिरवा नळ आणि पाटलांची कावड

निंबर्गा, ता. आळंद
दि. ७ जून १९८७

चिरंजीव बळीराम यास तुझ्या भागाक्काचा सप्रेम जयभीम. नळाच्या कारखान्यानं लिफाफ्यावर तुझ्या नावाखाली 'टेस्टिंग सेक्शन' असं छापून दिलंय, त्यालाही वेगळा जयभीम. (तो लिफाफा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खिळा मारून भिंतीला लावलाय. आतलं पत्र कुठं गेलं म्हणून मी दोन दिवस शोधत होते, तर ते पोळपाटाखाली सापडलं. आमच्या घरात वाचायच्या वस्तूपेक्षा बघायच्या वस्तूला मान जास्त.) तुला पित्ताचा त्रास होतोय असं कळलं. दिवसाला सात चहा पिणाऱ्या माणसाला पित्त होणार नाही तर काय पारितोषिक मिळणार? चहा कमी कर, सकाळी उठून जरा चाल. इकडे सगळी माणसं ठीक आहेत. आबांचा गुडघा भाषण करायचं असलं की दुखत नाही आणि सरपण आणायचं असलं की दुखतो, तेव्हा तोही ठीकच म्हणायचा.

मी तुला कार्डावर एकच ओळ विचारली होती: प्लास्टिकच्या नळावर निळा छापा आणि हिरवा छापा असतो, त्यात फरक काय? त्यावर तू चार पानं धाडलीस, पाठपोट लिहिलेली, वर 'प्रस्तावना' असा मथळा देऊन. बाबा रे, चौथीत असताना गाईवर दहा ओळी लिहायला सांगितल्या तर तू तीन ओळी लिहून खाली गाईचं चित्र काढलं होतंस, आणि तेही मास्तरांना म्हशीचं वाटलं. तोच तू आज नळावर चार पानं लिहितोस, हे बघून बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. (गावात तेवढंच पाणी होतं.) पण तुझ्या त्या पत्रानं इथं काय काय घडवलं ते तुला कळायलाच पाहिजे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

तर झालं असं. एप्रिलमध्ये, जयंतीच्या चार दिवस आधी, गुलबर्ग्याहून ट्रक आला आणि शाळेच्या पटांगणात करड्या रंगाचे नळ उतरले. एकेक वीस फूट लांब, मनगटापेक्षा जाड. गावाला नळपाणी योजना मंजूर झालेली. वरच्या माळावर टाकी, तिथून एक फाटा पाटील गल्लीला आणि एक खाली ओढ्याकडच्या आमच्या भीमनगरला. कंत्राटदार स्वतः काही आला नाही, त्यानं आपला माणूस धाडला होता, मल्लप्पा. हा मल्लप्पा म्हणजे असा माणूस की त्यानं तुला थप्पड मारली तरी तू त्याला चहा पाजून पाठवशील. त्यानं ट्रकमधूनच वाटणी करून आणली होती. ज्यांच्यावर हिरवी अक्षरं छापलेली ते नळ पाटील गल्लीला, ज्यांच्यावर निळी अक्षरं ते आम्हाला. आमची माणसं जमली तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "आबा, तुमच्यासाठी मुद्दाम निळा मागवलाय. तुमचा रंग आमाला ठाऊक न्हाई व्हय?"

झालं! आबांचा गुडघा तिथल्या तिथं बरा झाला. तीस वर्षांत सरकारच्या माणसानं पहिल्यांदा आमचा रंग ओळखला म्हणून त्यांनी पाऊण तास भाषण केलं. जयंतीला त्यातलाच एक नळ बुद्धविहारापुढं उभा करून त्यावर झेंडा चढवला. आमच्या गल्लीतल्या सुमनबाईनं तर नव्या नळाला ओवाळलं. (आपल्यात हे असलं चालत नाही, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "नळाला ओवाळलंय, देवाला न्हाई.") सगळी गल्ली खूश, मी तेवढी बेचैन. कामून, तर माझी बालवाडी शाळेच्या त्याच पटांगणात भरते. पोरांना रंग शिकवता शिकवता मी रोज ते नळ बघत होते. हिरव्या नळाच्या तोंडाची कड जाड दिसायची, निळ्याची पातळ. आणि निळ्यावर अक्षरांत काहीतरी 'दोन' होतं, हिरव्यावर 'तीन'. म्हणून तुला कार्ड टाकलं.

तुझी चार पानं मी तीन वेळा वाचली. पहिल्या वेळी काही कळलं नाही, दुसऱ्या वेळी तुझा राग आला, तिसऱ्या वेळी कळलं. नळाची आधी जात बघायची असते, म्हणजे तो कोणत्या प्लास्टिकचा बनलाय, करडा का काळा, कारण दोघांची आयएसआयची नियमांची पुस्तकं वेगळी. मग त्याचा वर्ग बघायचा, म्हणजे तो किती दाब सोसतो. (आपल्या दादांनी छप्पन सालात जात सोडली आणि त्यांचा लेक आता नळाच्या जातीवर पगार घेतो! हे मी आबांना वाचून दाखवताना 'जात'च्या जागी 'प्रकार' म्हणाले. तूही पुढच्या वेळी तसंच लिही.) वर्ग दोनचा नळ म्हणजे निळा, चार किलोचा दाब सोसतो. वर्ग तीनचा म्हणजे हिरवा, सहा किलोचा. आणि पाणी दहा मीटर उंचावरून खाली आलं की एक किलो दाब होतो. म्हणजे नळाचा वर्ग हा कोण किती मोठा माणूस त्यावरून ठरत नाही, टाकी किती वर आणि तोटी किती खाली त्यावरून ठरतो. एवढी साधी गोष्ट सांगायला तुला प्रस्तावना लागली.

मग मी आमच्या ओव्हरसियरला गाठलं. तिप्पण्णा त्याचं नाव, नवीनच लागलाय, मिशीसुद्धा अजून पूर्ण मनावर घेतलेली नाही. त्याला विचारलं, टाकीपासून आमची गल्ली किती खाली? त्यानं नकाशा उलगडला आणि अभिमानानं सांगितलं, अठ्ठेचाळीस मीटर. आणि पाटील गल्ली? अठरा. मग मी तुझ्या पत्राचं दुसरं पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं बोट ठेवून वाचलं, मग नकाशा बघितला, मग पुन्हा पान बघितलं, आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अय्यो अक्का, निळा न्हाई टिकनार हो इथं! फुटतंय!" नळ उतरवून घेतल्याच्या कागदावर सही त्याचीच होती, कोणत्या गल्लीला कोणता हे मात्र त्यानं मल्लप्पावर सोडलं होतं. मल्लप्पानं सरळ हिशेब केला होता: वर्ग तीन मोठा, वर्ग दोन लहान, म्हणून मोठ्यांना मोठा आणि आम्हाला आमचा रंग. नवे नळ मागवायचे तर आठ महिने जातील असं तिप्पण्णा सांगायला लागला आणि त्याचा आवाज रडवेला झाला. मी म्हटलं, नवे कामून मागवायचे? पाटील गल्लीला अठरा मीटरला निळा भरपूर झाला. त्यांचा हिरवा आम्हाला द्या, आमचा निळा त्यांना. दोन्ही ढीग सारखेच आहेत. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाण्यावर चालून दाखवलं. पण बळीराम, पाण्यावर चालणं सोपं होतं. अवघड गोष्ट तर पुढं होती.

शाळेत बैठक बसली. पाटील गल्लीकडून उद्धवराव, म्हणजे यंदाच मंडल पंचायतीवर निवडून आलेले मेंबर. आमच्याकडून आबा. तिप्पण्णानं खडूनं फळ्यावर टाकी काढली, गल्ल्या काढल्या, बाण काढले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अदलाबदलीचा विषय निघाला आणि त्याच माना थांबल्या.

आबा उठले. "निळा आमचा हाय. निळा सोडून दुसरा घ्यायचा न्हाई. फुटला तर फुटू द्या, आमचा नळ हाय, आमीच जोडू."

उद्धवराव गोड माणूस आहेत, वाईट काही बोलत नाहीत. ते म्हणाले, "आबांचं बरोबर हाय. ज्याचा त्याचा मान असतो. आमच्या लोकास्नी बी आता हिरव्याची सवय झालीया."

(नळ ट्रकमधून उतरून महिना झाला होता, सगळे पटांगणात पडून होते, पाण्याचा थेंब त्यातून गेलेला नव्हता, आणि त्यांना सवय झालेली!) खरं कारण त्यांच्यामागं बसलेल्या एकानं तोंडातल्या तोंडात सांगितलंच, निळा नळ आपल्या दारात आला तर पै-पाहुणे काय म्हणतील. ते उद्धवरावांनी ऐकलं, आबांनी ऐकलं, मीही ऐकलं, आणि तिघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. तुला सांगते, त्या फळ्यावर तुझा चार किलो आणि सहा किलो लिहिलेला होता, पण त्या खोलीत जो दाब होता तो कुठल्या वर्गाच्या नळानं सोसला नसता. तिप्पण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी आबांची सून, भर बैठकीत सासऱ्यापुढं बोलायची माझी काय बिशाद. (हे आळंद डेपोत ड्युटीवर होते, नाहीतर त्यांना पुढं केलं असतं.) तरी बोलले. म्हटलं, भांडण नळाचं नाही, शाईचं आहे. रॉकेल आणा, दोन्हीकडची शाई पुसून टाका. नळ राहतील, रंग जाईल. मग वरचा कोणता आणि खालचा कोणता हे तिप्पण्णासाहेब बघतील, आणि तीन फूट मातीखाली गेल्यावर पाहुण्याला काय दिसणार आहे?

हे दोघांनाही एकदम पटलं. पटलं म्हणजे काय, आपण हरलो नाही आणि समोरचाही जिंकला नाही, एवढं दोघांना पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गल्ल्या चिंध्या आणि रॉकेलच्या बाटल्या घेऊन पटांगणात. एकशे सदुसष्ट नळ. हसत, गप्पा मारत, एकमेकांचे नळ सुद्धा पुसून दिले लोकांनी. एवढी एकी मी या गावात पहिल्यांदा बघितली. दुपारपर्यंत सगळं लख्ख. आणि काम झाल्यावर उत्साहाच्या भरात सगळ्यांनी मिळून ते सगळे नळ भिंतीला लागून एकाच ढिगात, ओळीनं, सुंदर रचून ठेवले.

तिप्पण्णा आळंदहून चारच्या गाडीनं आला. ढीग बघून खूश झाला. म्हणाला, वा, फार छान. आता यातले हिरवे कोणते?

बळीराम, काय सांगू! जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. मी सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, कारण युक्ती माझी होती. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलंच होतं की सगळ्या वर्गांचे नळ बाहेरून मापाला एकसारखे असतात, जाडी वाढते ती आतल्या बाजूला. तेव्हा मला वाटलं होतं की हे कामाचं नाही, उगीच पान भरायला लिहिलंय. कड बघून ओळखावं तर पुसताना लोकांनी कडाही घासलेल्या, आणि प्रत्येकाला प्रत्येक कड आपल्याला हवी तशी दिसायला लागली. मल्लप्पा तर घाईघाईनं पुढं झाला. "साहेब, सगळे सारखेच हायत. कुठला बी कुठं बी टाका. कामून तरास घेता?" त्याची ती घाई मला तेव्हाच खटकली.

वाट काढली ती चंद्रभागाबाईंनी, उद्धवरावांच्या आईनं. म्हातारी सत्तरीच्या पुढची, पटांगणाच्या कडेला पानाची चंची घेऊन बसली होती. मला जवळ बोलावलं. "गं पोरी, जाड आन पातळ, वजनाला सारखं असंल व्हय?" मी म्हटलं, नसणार. "मग तोलून बघ की. डोळ्यास्नी कामून तरास देतीस?" पण वीस फुटी नळ कुठल्या तराजूत बसणार? तेव्हा ती म्हणाली, आमच्या घरी कावड हाय. ती आणली. शाळेच्या कडुलिंबाला मधोमध दोरीनं टांगली. एका टोकाला खात्रीचा नळ पाहिजे होता, आणि खात्रीचा नळ गावात एकच उरला होता, विहारापुढं झेंड्याचा, त्यावरची निळी अक्षरं तशीच होती. आबांनी स्वतःच्या हातानं झेंडा उतरवून घडी घातली आणि तो नळ खांद्यावर घेऊन आले. (गुडघ्याविषयी मी काही विचारलं नाही.)

मग एकेक नळ समोरच्या टोकाला बांधायचा. सारखा राहिला की निळा, इकडच्या ढिगात. खाली गेला की हिरवा, तिकडच्या ढिगात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चंद्रभागाबाई. त्या कावडीनं पाटलांच्या घरात कितीतरी वर्षं पाणी गेलं, आणि आमच्या घरच्या कोणी तिला कधी हात लावला नव्हता. त्या वेळी आम्ही दोघी अडीच दिवस तिच्या दोन टोकांना होतो. (अडीच दिवस लागले, हे सांगायचं राहिलं.) त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही, तेव्हा इथंही जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तर म्हातारीला कावड लागेनाच. नळ नुसता हातात उचलून म्हणायची, "ह्यो जडशीळ हाय, तुमचा." आणि कावडीवर घातला की तसाच निघायचा. तुझ्या टेस्टिंग सेक्शनला एखादी जागा रिकामी असेल तर कळव.

आणि आता ऐक. तिसऱ्या दिवशी सकाळी एक नळ असा निघाला की तो वरच गेला. निळ्यापेक्षाही हलका. चंद्रभागाबाईंनी पुन्हा बांधून बघितला, पुन्हा वर. असे एकूण अकरा निघाले. तुझ्या पत्रात होताच की तो वर्ग एक, अडीच किलोचा, लाल छाप्याचा. पण गावात लाल अक्षरांचा एकही नळ उतरलेला कोणी बघितला नव्हता! तिप्पण्णानं हिरवे मोजले, बरोबर अकरा कमी. म्हणजे आम्ही रॉकेल आणायच्या आधीच कोणीतरी त्यांचा लाल पुसून हिरवा मारला होता. ते खाली आमच्या गल्लीत गेले असते तर पहिल्याच दिवशी फुटले असते, आणि लोकांनी म्हटलं असतं, बघा, भीमनगरला चांगलं दिलेलं सुद्धा टिकत नाही.

सगळ्यांनी मल्लप्पाकडे बघितलं. तो म्हणाला, गाडीत चुकून आले असतील. उद्धवराव, जे कधी वाईट बोलत नाहीत, ते शांतपणे म्हणाले, "मल्लप्पा, चुकून आलेलं चुकून जातंय बी. पन तवर तू हितंच बसशील, आन हिरवे अकरा आले की जाशील." आबा त्याच्या शेजारी बाज टाकून बसले आणि त्याला त्यांनी धम्मचक्र प्रवर्तनापासून पुढचा सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. मल्लप्पानं कंत्राटदाराला दुपारीच निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी अकरा नळ आले. कावडीवर घालूनच उतरवून घेतले.

मग काय, चर खणलेलेच होते, आठ दिवसांत जोडणी झाली. परवा चाचणी झाली. टाकी भरली, तिप्पण्णानं वरचा व्हॉल्व्ह उघडला आणि आमच्या गल्लीतल्या तोटीतून पाणी असं उसळलं की आबांचा पटका वाहून ओढ्यात गेला. एक सांधा गळला नाही, एक नळ फुटला नाही. सुमनबाई हसत हसत रडत होती. वर पाटील गल्लीतही पाणी आलं, बेतानं, अठरा मीटरला शोभेल असं. आबांचं आता नवीन भाषण तयार झालंय. म्हणतात, खालच्याला जास्त दाब सोसावा लागतो, म्हणून खालच्याला मजबूत नळ द्यायचा असा सरकारी नियमच हाय, आयएसआयच्या पुस्तकात लिवलंय. तू हे पान नंबरसकट कळवावंस असा त्यांचा निरोप आहे. मी त्यांना सांगितलं, पुस्तकात नुसते मीटर आणि किलो असतात. ते म्हणाले, मग तेच तर म्हनतोय मी.

असो. वैनीला आणि पोरांना माझे आशीर्वाद. सुटी मिळाली तर ये, पण चार पानं घेऊन येऊ नकोस, तू आलास तरी पुरे.

तुझी,
भागाक्का

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. नळाची जाडी मोजायचं ते व्हर्नियर म्हणून यंत्र असतं असं तिप्पण्णा सांगत होता. तसलं एक विकत मिळतं का, जुनं असलं तरी चालेल, तेवढं घेऊन पार्सलनं पाठव. करजगीला नळ उतरलेत आणि तिथल्या बायकांनी मला आणि चंद्रभागाबाईंना बोलावलंय. म्हातारी म्हणते, एवढ्या लांब कावड घेऊन एस.टी.त चढलो तर कंडक्टर तिकीट मागेल. (तो कंडक्टर आमचे हेच असण्याची शक्यता आहे. त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही.)

ता. क. दुसरा – परवाचं पाणी टँकरचं होतं. टाकीत पाणी चढवायची मोटार अजून आलेली नाही, कधी येणार ते तिप्पण्णालाही ठाऊक नाही. पण ती आलीच तर कोणत्या गल्लीच्या बाजूला बसवायची यावर रविवारी बैठक आहे. मोटारीला रंग कोणकोणते असतात ते उलट टपाली कळव. एकाच ओळीत.